गोळ्यांची भानगड

गल्लीत तिला फौजदारीणबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं. धंदा शिवणकामाचा, स्वभाव चौकशीचा. कोणी उसवलेली पँट आणली, की ती कुठे अन् कशी उसवली हे आधी विचारायची, मग सुई ओवायची. उत्तर सरळ आलं तरी तिला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचंच.

आता अशा बाईच्या नवऱ्यानं एकाएकी चहा सोडावा, म्हणजे काय! पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीवर दिवसभर लोकांची बोलणी खाणारा आणि चहावर जगणारा माणूस तो. का सोडला, तर म्हणे हात थरथरतो. तिच्या मनात पाल चुकचुकली. मग एका सकाळी तो गॅलरीत दिसला. एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला, आणि ताठ केलेल्या हातात पाण्यानं भरलेली बाटली. हात खरोखरच थरथरत होता. तिची चाहूल लागताच त्यानं घाईघाईनं कुंडीत पाणी ओतलं. कुंडी तर तिनं नुकतीच भिजवली होती.

शिवाय दर रविवारी तो 'मित्राकडे' जायचा. कुठला मेला मित्र? लग्नाला आला नाही, आजारपणात फिरकला नाही, आणि आताच कुठून उगवला?

त्यात तिनं त्याला फोनवर कुजबुजताना ऐकलं, "गोळ्या संपत आल्यात. घरी नका पाठवू, हिला कळलं तर माझी धडगत नाही."

गोळ्या म्हणजे नक्कीच दुखणं! तिच्या वडिलांनी दुखणं असंच लपवलं होतं. घराला कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. भानगड बाईची असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. दुखण्याच्या काय उपटणार?

रविवारी ती त्याच्या मागोमाग निघाली. तो टायरच्या दुकानामागच्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. इथं कसला डॉक्टर बसतो म्हणून तिनं दार ढकललं, तर नवरा एक हात खिशात घालून उभा आणि दुसऱ्या हातात पिस्तूल! ती ओरडणार, तोच नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. समोर दूरवर कागदावर एक काळं वर्तुळ होतं. नवऱ्यानं श्वास रोखला. फट्ट. त्याचे खांदे सैलावले आणि तो स्वतःशीच हसला. असं हसू तिनं त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्याला ती दिसली. "आणि त्या गोळ्या?" तिनं कसंबसं विचारलं. त्यानं चपटी डबी उघडली. आत शिशाचे बारके छर्रे. ती तिथंच बाकावर बसून रडली आणि रडता रडता त्याला भरपूर शिव्या घातल्या.

"मला का नाही सांगितलंत?"

तो डबीचं झाकण लावत राहिला. "खिडकीवर दिवसभर लोक विचारतात. घरी तू विचारतेस. इथं कोणी काही विचारत नाही."

ते तिला फार लागलं. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना पँटी मुकाट्यानं शिवून मिळाल्या. गल्लीला वाटलं, हिचा घसाच बसला.

पुढच्या रविवारी तो बूट घालत होता. किती वाजता येणार, सोबत कोण, सगळं तिच्या ओठांवर आलं. तिनं त्याच्यासारखाच श्वास रोखून धरला. जिन्यापाशी तो थांबला आणि वळला.

"येतेस?"

आता हे मला का बोलावतायत, तिच्या मनात आलंच. पण ते न विचारता तिनं चपला पायात सरकवल्या.