काटेकोरांचा कदाचित

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सारी पेठ ‘काटेकोर’ म्हणे, आणि त्यात थट्टेपेक्षा आदरच अधिक होता. काटा सोनाराचा असो की भाजीवाल्याचा, केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे. ‘असेल’, ‘बहुधा’, ‘कदाचित’ हे शब्द त्याने उभ्या जन्मात उच्चारले नव्हते.

आणि घरी बायकोच्या तोंडी अखंड तेच. “कदाचित भाऊ येईल,” म्हणून ती दोन घास जास्त शिजवी. “कदाचित माझंच चुकलं असेल,” म्हणून शेजारणीशी झालेलं भांडण मिटवी. “बघू, कदाचित जमेल हो,” म्हणून नकोशा आमंत्रणाला कुणालाही न दुखावता नकार देई.

“तुझा हा शब्द कुठल्या पारड्यात घालू?” तो चिडवी.

“कुठल्याच नको. ठरायच्या आधी तुमचा काटा थरथरतो ना, तोच माझा कदाचित. ठरला की संपलं सगळं.”

धन्य ती माउली! पंडितांना पानंच्या पानं लागावीत, ते तिने भाजी चिरता चिरता सांगितलं. निश्चित म्हणजे टेकलेलं पारडं, बहुधा म्हणजे झुकू लागलेलं. आणि कदाचित म्हणजे जिथे भगवंताला हात घालायला अजून जागा आहे, ते.

मग तिला दुखणं जडलं. सहा महिने डॉक्टरीणबाई म्हणत राहिल्या, “कदाचित औषध लागू पडेल.” ज्याला त्या शब्दाचा तिटकारा, तो त्या शब्दावरच जगला. एका दुपारी बाईंनी कागद मिटले.

“काका, त्यांना आता घरी न्या.”

“तुमचा नेहमीचा शब्द आज नाही म्हणालात, बाई.”



तो दवाखान्यातल्या तिच्या खाटेशी येऊन बसला. “काय म्हणाल्या हो?” बायकोने विचारलं.

“म्हणाल्या, घरी गेल्यावर कदाचित बरं वाटेल.”

ती पाहतच राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून हा शब्द ती प्रथमच ऐकत होती. आणि ऐकताच तिला सारं उमगलं.

“म्हणजे संपलं म्हणायचं,” ती हळूच म्हणाली. “पण छान म्हणालात हं. शिकायला चाळीस वर्षं लावलीत. आता रोज म्हणत जा.”

घरी आणल्यावर तो रोज म्हणत राहिला. पडदा सारून म्हणे, कदाचित आज ऊन पडेल. चमचा ओठांशी नेऊन म्हणे, कदाचित दोन घोट जातील. पाय चेपता चेपता म्हणे, कदाचित आता डोळा लागेल. ती डोळे मिटून ऐके, जसं कुणी नामस्मरण ऐकावं.

नवव्या सकाळी वाटीतलं दूध तसंच राहिलं. शेजारीण दाराशी आली.

“वहिनी झोपल्यात का?”

तो शब्द त्याच्या जिभेपर्यंत आला. हातातला हात केव्हाच गार झाला होता.

“नाही,” तो म्हणाला. “गेली ती.”