चिंचोक्याला मागचं आठवत नाही

"तीन वेळ? तिन्ही वेळ पांढरंच यावं म्हणून? तुज देवीला विचारायचं आहे की तिचं तोंड दाबायचं आहे, तुळजा?"

ताराबाईनं हे विचारलं तरी तिचा हात काही थांबला नाही. पायाखाली विळी दाबून ती तिण्णैवर, म्हणजे घराच्या पुढच्या ओट्यावर, चिंच फोडत बसली होती. गर एका सुपात, चिंचोके दुसऱ्यात. तिचा धाकटा भाऊ तुळजाराम खांबाला टेकून उभा होता. तालुका कचेरीत कारकून माणूस, पण अक्कापुढं उभा राहिला की अजूनही शाळेतला दिसायचा.

"अक्का, देवीला विचारूनच करतों म्हणतों, त्यांत काय चुकलं? पांढरं येईल नाहीतर येणार नाही. अर्धं अर्धं. माझं त्यांत काहीच नाही."

दाराआड उभी राहून नागलक्ष्मी हे सगळं ऐकत होती. सोळा वर्षांची, यंदाच एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, झालेली, गणितात शाळेत पहिली. तिला त्रिचीच्या कॉलेजात जायचं होतं. कुंभकोणमहून एक स्थळ चालत आलं होतं आणि अप्पांचं, म्हणजे तुळजारामचं, मन दोन्हीकडे ओढत होतं. म्हणून त्यांनी फूल लावायचं ठरवलं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत अडलेल्या गोष्टी अशाच सुटायच्या. केळीच्या पानाच्या दोन पुड्या, एकीत पांढरं फूल, एकीत तांबडं. पुजाऱ्यानं त्या देवीच्या पायाशी टाकायच्या आणि विचारणाऱ्यानं डोळे मिटून एक उचलायची. पांढरं म्हणजे हो. अप्पांनी बोलून ठेवलं होतं, येत्या शुक्रवारी तीन वेळा लावीन, तिन्ही वेळा पांढरं आलं तर कॉलेज, नाहीतर कुंभकोणम.

ताराबाई शाळेत एक दिवस गेलेली नव्हती. तिला ना मोडी येत होती ना देवनागरी, आणि तमिळ येत होतं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं. पापनाशमकडच्या एका खेड्यात दिलेली, बाविसाव्या वर्षी कपाळ पुसून भावाकडे आली ती रिकामी बसायला नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वाण्यांच्या चिंचेची पोती फोडून देत होती. बोटांना बारा महिने आंबट वास. दुपारी गल्लीतल्या बायका तिच्या तिण्णैवर सोंगट्या खेळायला जमायच्या आणि फासे म्हणून तिचेच चिंचोके लागायचे. एक बाजू दगडावर पांढरी घासलेली, दुसरी तशीच काळी. पांढऱ्या पडतील तितकी घरं चालायचं.

पण बाई चिंचोका उगाच कुणाला देत नसे. घासून झाला की एकेक शंभर वेळा टाकायची आणि खडूनं भिंतीवर रेघा मारायची. पांढरं चाळीसच्या खाली किंवा साठच्या वर गेलं की म्हणायची, "हा लबाड," आणि चुलीत. ज्याचं पोट जास्त घासलं गेलं तो एकाच कुशीवर झोपतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बायका हसायच्या, पण भांडण झालं तर तिच्याच चिंचोक्यांनी पुन्हा खेळायच्या.

"बस," तिनं भावाला बजावलं. डब्यातून तिनं तीन पारखलेले चिंचोके काढले. "हा पहिलं फूल, हा दुसरं, हा तिसरं. टाक. नागू, आत काय उभी आहेस चोरासारखी? बाहेर ये, तिन्ही पांढरे पडले की रेघ मार."

"अक्का, कचेरीला जायचं आहे."

"कचेरी पळून जात नाही. टाक."

तुळजाराम बसला. दहा वेळा टाकले, तिन्ही पांढरे एकदाही नाहीत. वीस झाले तेव्हा दोनदा. पस्तिसाव्या वेळेनंतर त्यानं आपण होऊन सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. ऐंशी झाले तेव्हा नागूच्या रेघा अकरा होत्या.

"अर्धे म्हणजे चाळीस व्हायला हवे होते," ताराबाई म्हणाली. "कोठ गेले बाकीचे?"

तुळजाराम रेघा पुन्हा मोजू लागला. नागूनं मात्र कोळसा घेतला आणि फरशीवर लिहू लागली. पांढरं-पांढरं-पांढरं. पांढरं-पांढरं-काळं. पांढरं-काळं-पांढरं. अशा एकूण आठ ओळी झाल्या, नववी काही केल्या सुचेना. आठांतली एकच सगळी पांढरी. शाळेत गणितं तिनं पुष्कळ सोडवली होती, पण आपलंच आयुष्य असं आठ ओळींत फरशीवर मांडलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"आत्ते, मग ऐंशीत दहा यायला हवेत. अकरा का आले?"

"चिंचोका काय तहसीलदार आहे, हुकूम केला तसा पडायला? आसपास येतो. रोज टाकशील तर रोज आसपास."

तुळजारामनं त्या आठ ओळींवरून एकेक करून बोट फिरवलं. "म्हणजे मीच नाही म्हणून बसलों होतों," तो हळूच म्हणाला. "आणि नांव देवीचं."

"तर आता अट फिरव. तिन्ही वेळ तांबडं आलं तरच नाही. एकदा जरी पांढरं आलं तर पोरगी त्रिचीला."

"मग तुझी अट तरी कोठ सरळ आहे? ही आठांत सात झाली."

"नाहीच सरळ. पण मी तोंडावर सांगतें."

यावर तुळजाराम कितीतरी दिवसांनी हसला आणि तीच अट धरली.

शुक्रवारी सकाळी तिघं कोपऱ्यावरच्या अम्मनच्या, म्हणजे देवीच्या, देवळात गेली. ताराबाईनं फुलं स्वतः निवडली होती, दोन्ही कण्हेरीची, एकाच मापाची, हाताला फरक कळू नये म्हणून. पुजाऱ्यानं पुड्या टाकल्या. अप्पांनी डोळे मिटून एक उचलली. तांबडं.

पुड्या पुन्हा बांधल्या. तांबडं.

अप्पा मागं नागूकडे वळून कुजबुजले, "भिऊं नको गं. दोन तांबडीं गेलीं, आतां पांढरं ठरलेलंच."

"ठरलेलं काही नाही," ताराबाई म्हणाली. देवळात, तसल्या वेळेलाही, तिनं गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "चिंचोक्याला मागचं आठवत नाही, पानालाही नाही. आठांत सात होतं ते पहिली पुडी उचलायच्या आधी. आतां अर्धं."

पण तिनं नागूचा हात धरला. आंबट वासाचा, विळीनं कापलेला हात. मिटल्या डोळ्यांनी अप्पा एका पुडीवरून दुसरीवर हात नेत होते. नागूला दिसलं की अप्पांना आता पांढरंच हवं आहे, तिच्याइतकंच. पुढं तिला त्या सकाळचं काही आठवलं की आधी हेच आठवायचं.

पान उलगडलं. पांढरं.

त्रिचीचं कॉलेज संपवून पापनाशमच्या मुलींच्या शाळेत नागलक्ष्मी गणित शिकवू लागली त्याला आता दोन वर्षं झाली. सन सहासष्ट, चिंचेचे दिवस. शनिवारी दुपारी ती बसनं तंजावूरला आली ती थेट तिण्णैवर.

"आत्ते, मज साठ चिंचोके हवेत. वर्गातल्या पोरी म्हणतात, पास होणार नाहीतर नापास, म्हणून अर्धं अर्धं."

"तुझ्या अप्पाच्याच पोरी त्या." ताराबाईनं डबा पुढं सरकवला. "पारखलेले चाळीस आहेत. बाकीचे पोरींनाच घासू दे. शंभर वेळ टाकून घे म्हणून सांग, नुसतं फळ्यावर लिहून कळत नाही."

नागलक्ष्मीनं डबा मांडीवर घेतला. तिच्या पहिल्या पगारातून आणलेलं लुगडं आत्तेनं नेसून जुनं केलं होतं, पण जे बोलायचं होतं ते कधी बोलून झालं नव्हतं.

"आत्ते, त्या दिवशीं तू मध्ये बोलली नसतीस तर..."

"तर आठांत एक होतं की. तेही पडतं कधीं कधीं."

"तरी पण, आत्ते."

ताराबाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, चिंचेनं माखलेल्या हाताची मागची बाजू तिच्या गालाला लावली.

"बरं. सर आतां, पोत्यावर बसलीस. संध्याकाळीं वाणी येतो."

नागलक्ष्मी उठली. ताराबाईनं पोत्यात हात घातला, मूठभर चिंच काढली आणि विळी पायाखाली ओढली.