टाकीवरचा काटा

"आज पानी येई का नई, तेवढं नीट सांग बरं," चपला घालता घालता आई म्हणाली. "फुकट उठाले नको लावजो."

लग्न होऊन जळगावात आली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण आईनं दोंडाईचाकडची अहिराणी काही सोडली नाही. माझ्याशी तर अहिराणीतच बोलायची, आणि रागावली की जास्तच. त्या दिवशी ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. मीही घाबरले होते.

कारण असं. आमच्या भागात आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही तास-पाऊण तास. घरात आम्ही दोघीच. आई डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची आणि पाण्याच्या दिवशी मी कॉलेज बुडवून पिंपं भरायची. माझ्या हजेरीचं वाटोळं त्या नळानं केलंय, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पण त्या आठवड्यात मोठी पाइपलाइन फुटली, आमचा वार गेला, आणि पाणी कधी येणार ते कोणालाच सांगता येईना. गल्लीत रोज कोणीतरी "आलं, आलं" करायचं. मी कॉलेजात, म्हणून मिलपर्यंत पोचलेल्या त्या ओरडण्यावर विश्वास ठेवून आई दोनदा काम टाकून घरी आली आणि दोन्ही वेळा कोरडा नळ बघून परत गेली. दुसऱ्या वेळी नव्या मुकादमानं तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "बाई, पुन्हा अफवेवर उठलीस तर उद्यापासून घरीच बस."

घरात पिंपाचा तळ दिसत होता. आणि दुसऱ्याच दिवशी नेमकं माझं प्रॅक्टिकल! मीडियाच्या कोर्सचं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून सकाळी अकरा वाजता दहा मिनिटांचं बातमीपत्र, थेट, आणि मग साडेबारापर्यंत तोंडी परीक्षा. आमच्या गटाची निर्माती मी. हजर नसले तर नापास.

मिलमध्ये मोबाईल फाटकावरच जमा करावा लागायचा. पण निवडायच्या शेडमध्ये मुकादमाचा एक रेडिओ खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्यावर आमचंच केंद्र लागलेलं असायचं. जाहिराती नाहीत, जुनी गाणी भरपूर, मुकादम खूश. तेव्हा आईनं स्वतःच तोडगा काढला.

"तुन्या बातम्यामा सांग. शे सांगं तं मी उठसू, नई सांगं तं बशी राहसू."

झालं! मी आहे म्हटलं तर ती उठणार, नाही म्हटलं तर बसून राहणार. आतापर्यंत मला फक्त पास व्हायचं होतं. आता माझ्या एका ओळीवर आईची नोकरी आली.

नऊ वाजता मी स्टुडिओत. स्टुडिओ कसला, जुनं सामानाचं कोठार. भिंतींना आतून गोधड्या ठोकलेल्या. बाहेर एप्रिलचं जळगाव तापलेलं आणि आत पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइक पकडतो. बाहेरच्या खोलीत मिक्सर, कॉम्प्युटर आणि आम्ही, मधे काच, आतल्या खोलीत बातम्या वाचणारी. ती माझी मैत्रीण, सावद्याची, केळीवाल्यांच्या घरातली. आवाज असा की नापासाचा निकाल वाचला तरी ऐकत राहावंसं वाटावं. डोकं थंड. माझं डोकं कसं आहे ते कळेलच.

"पहिली बातमी केळीची घेऊ," ती म्हणाली.

"पाण्याची घे!"

"पाण्याची बातमी आहे कुठे? येणार की नाही ते तरी माहीत आहे का तुला?"

बरोबर होतं तिचं. आमचे सर वर्षभर एकच पाठ घोकून घेत होते, एकानं सांगितलं तर गप्पा, दोघांनी सांगितलं तर बातमी. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथले भाऊ चांगले होते, त्यांनी सरळ सांगितलं, "ताई, दुरुस्ती झाली आहे. तुमच्या भागाची जुनी टाकी भरली तर बाराला पाणी सोडू. नाही भरली तर उद्या. आत्ता नक्की नाही सांगता येत."

म्हणजे सगळं टाकीवर आलं! आमच्या गटात एक जामनेरचा मुलगा होता, आमचा बातमीदार. त्याच्याकडे मोटरसायकल होती आणि उत्साह तर विचारू नका. त्याला म्हटलं, "जुन्या टाकीवर जा. टाकीच्या अंगावर काटा आहे, तो बघ आणि फोन कर. आणि हो, तिथला थोडा आवाज रेकॉर्ड करून आण, आपल्याला वातावरणाच्या आवाजाचे मार्क आहेत." तो "हा गेलो, हा आलो" म्हणत पळाला.

अकराला दहा कमी असताना त्याचा फोन आला. "टाकी रिकामी आहे. एकदम रिकामी."

"नक्की?"

"अगं, स्वतःच्या डोळ्यांनी बघतोय ना!"

मी लिहून टाकलं. मन खट्टू झालं, पण निदान नक्की काहीतरी कळलं होतं. आई शेडमध्ये बसून राहील, नोकरी राहील, पाण्याचं उद्या बघू. सर मागे खुर्चीत येऊन बसले होते, मांडीवर मार्कांचा कागद. लाल दिवा लागला. मी काचेतून खूण म्हणून हात खाली केला आणि सावद्याची बोलायला लागली.

"नमस्कार. ठळक बातम्या. जुन्या टाकीच्या भागात आज पाणी नाही..."

काय सांगू, अंगावर काटा आला! आपण लिहिलेलं वाक्य, आत्ता, या क्षणाला, शहरातल्या कुठल्या कुठल्या घरांत आणि दुकानांत ऐकू जातंय. पाण्याचं वाईट वाटत होतं आणि तरी आनंदानं उड्या माराव्याशा वाटत होत्या. माणूस विचित्रच असतो.

ठळक बातम्या संपल्या, केळीची बातमी सुरू झाली, आणि जामनेरकर घामानं निथळत आत शिरला. मी कुजबुजले, "आवाज आणला?"

"आणला ना. काय टाकी आहे गं तुमची, काटा अगदी बुडाला टेकलाय."

"काय?"

"बुडाला. खाली. म्हणजे रिकामीच ना."

माझ्या डोक्यात सणक गेली. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल. टाकीच्या आत पाण्यावर एक पिंप तरंगत असतं, त्याला दोर, दोर वरच्या चाकावरून बाहेर, आणि बाहेरच्या टोकाला काटा. पाणी वर चढलं की काटा खाली उतरतो. बाजूचे आकडे तर कधीच पुसून गेलेत. काटा बुडाला टेकला म्हणजे टाकी काठोकाठ भरली! पण याच्या घरी मळ्यात विहीर. त्याला कशाला टाकीकडे बघायची वेळ आली असेल?

"अरे गाढवा!" मी दबक्या आवाजात ओरडले. दबक्या आवाजात ओरडता येतं, ते मला त्या दिवशी समजलं. "भरली आहे ती! भरली आहे!"

खरं तर गाढव मी. काटा कुठे आहे, हा एक प्रश्न मी फोनवर विचारला नव्हता. आणि आई तिकडे "पाणी नाही" ऐकून डाळीत हात घालून बसली असणार. बाराला पाणी येणार, पाऊण तासात जाणार, आणि पुढचा आठवडाभर आम्ही काय प्यायचं? मी सरांकडे वळले. "सर, बातमी चुकली. बदलायची आहे. आत्ता."

सर हलले नाहीत. "मघाशी याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवलास. आता तुझ्या आठवणीवर ठेवायचा? काटा अडकलेला असला तर? मग परत बदलशील?"

मला त्यांचा असा राग आला की बस! पण काटा कधीकधी अडकतोही, हे मला माहीत होतं. आणि आई उठली, पाणी आलं नाही, तर ते तिसऱ्यांदा होणार होतं. मग मुकादम तिला ठेवणार नव्हता. आत केळीची बातमी संपून कॉलेजच्या स्पर्धांची सुरू झाली. त्यानंतर पाण्याचीच.

"दुसरा आधार काय?" सरांनी विचारलं.

"तू रेकॉर्ड काय केलंस?" मी जामनेरकराकडे वळले. "लाव. लाव लवकर!"

हेडफोन कानाला लावले. आधी रिक्षाचा हॉर्न. मग रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. मग कावळा. आणि या सगळ्याच्या मागे, सतत, धबाधबा, उंचावरून दगडावर पाणी पडत होतं.

"हे काय आहे?"

"गळती असेल," तो म्हणाला. "मी म्हटलं, टाकी रिकामी तर झालीच आहे, उरलंसुरलं गळतंय."

"गळती नाही रे बाबा! टाकी ओसंडतेय!"

मी हेडफोन सरांच्या हातात दिले. दिले म्हणजे जवळजवळ डोक्यावर चढवले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला ते दहा सेकंद नकोसे झाले होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले. "कार्यालय काय म्हणालं होतं?"

"टाकी भरली तर बाराला सोडू."

"मग लिही. पण आपण चुकलो हे पहिल्या ओळीत."

जुन्या कागदाच्या पाठीमागे मी काय खरडलं ते माझं मलाच वाचवेना. आतलं दार करकरलं आणि ती करकर सगळ्या शहरानं ऐकली. सावद्याच्या बाईनं स्पर्धांचं शेवटचं वाक्य संपवलं, कागद डोळ्यांपुढे धरला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे वाचलं.

"एक दुरुस्ती. जुन्या टाकीच्या भागात आज पाणी नाही, असं आम्ही मघाशी सांगितलं. ते चूक होतं. टाकी भरली आहे. टाकी भरली तर बारा वाजता पाणी सोडू, असं पाणीपुरवठा कार्यालयानं आज सकाळी सांगितलं होतं. थोड्या वेळापूर्वी टाकीखाली घेतलेला हा आवाज ऐका."

मी मिक्सरवरची आवाजाची पट्टी वर सरकवली. वीस सेकंद नुसतं पाणी. त्या भागात राहणाऱ्या कोणालाही तो आवाज सांगावा लागत नाही. टाकी ओसंडायला लागली की आमच्याकडे म्हातारीकोतारीसुद्धा हंडे घेऊन उठतात.

लाल दिवा विझला तेव्हा आम्ही तिघं एकमेकांच्या गळ्यात पडून अक्षरशः किंचाळलो. सर मार्कांचा कागद भरत म्हणाले, "ठळक बातमी चुकली, त्याचे पाच गेले." जाऊ देत की! मला आता मार्कांचं काही नव्हतं. आईनं दुरुस्ती ऐकली का? ऐकली तरी मघाशी नाही म्हणणाऱ्यांवर तिनं विश्वास ठेवला का? फोन तर फाटकावर जमा. तोंडी संपली तशी जामनेरकराला म्हटलं, "गाडी काढ."

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर आमच्या शेजारच्या अक्का रस्त्यातच नाचायच्या बाकी होत्या. "पानी उनं वं, पानी उनं!" आणि आमच्या दारात आई, पदर कमरेला खोचलेला, हातात पाइप, पाय गुडघ्यापर्यंत ओले. मला बघून तिनं फक्त मान हलवली, जसं काही रोजच मी अकराच्या बातम्या करते.

अक्काही तिच्याच मिलमध्ये कामाला. सगळी हकिगत त्यांनीच मला सांगितली, आई तर एक अक्षर बोलली नसती. दुरुस्ती लागली तशी आई उठली. मुकादम फाटकात आडवा आला. "मघाशी नाही म्हणाले, आता आहे म्हणतात. असल्या बातमीवर उठतेस?"

आई म्हणाली, "चुकनं ते तिनीच सांगं ना."

"ती कोण?"

"मन्ही आंडेर. तिन्ही बातमी शे."

लेकीची बातमी म्हटल्यावर मुकादम हसला म्हणे. म्हणाला, "जा. पाणी आलं तर परत ये. नाही आलं तर येऊच नकोस." आई म्हणाली, "बरं." आणि चालायला लागली. ती गेली म्हणून मग अक्का उठल्या, आणि अक्का उठल्या म्हणून आणखी चौघी.

मी आईकडे वळले. "आई, काटा अडकलेला असता तर? पाणी आलं नसतं तर?"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "तं मंग काय. सकायना डबा कराना वाचता."

उद्यापासून डबा करायचा वाचला असता! मी तीस मार्कांसाठी धडपडत होते, आणि ही बाई माझ्या पाठकोऱ्या कागदावरच्या चार ओळींवर घरातली एकुलती एक मजुरी ठेवून उन्हातून चालत आली होती. तिथेच ओल्या पायरीवर बसून मी रडायला लागले, चांगली हुंदके देऊन, जामनेरकरासमोर.

"रडी काय राहिनी वं?" आई ओरडली. "पिंप भरी गयं, पाइप काढ!"