केबिनचा पोर्ट

"तुम्हा लोकांना पहिला नंबर फुकट मिळायची सवय असते. आज जरा दुसऱ्याला द्या."

साहेब हे हसत बोलले. दोन कारकून तिथेच होते, तेही हसले. मी नेटवर्कच्या स्विचसमोर जमिनीवर बसले होते, मांडीवर लॅपटॉप. कान तापले. तोंडातून निघालं, "हो सर." त्या दोन शब्दांची मला आजही शिसारी येते.

चंद्रपुरातल्या एका खासगी दवाखान्यात मी नेटवर्क सांभाळते. कंत्राटी. गाव सावली तालुक्यातलं, घर बौद्ध. साहेब इथले व्यवस्थापक. त्यांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारून घेतलं होतं.

दवाखान्याची गडचिरोलीच्या जंगलात तीन केंद्रं आहेत. तिथल्या नर्स व्हिडिओ कॉल लावतात, इथले डॉक्टर पेशंट बघतात. इंटरनेटची बाहेर जाणारी लाइन एकच, तीही बारीक. म्हणून स्विचला सांगून ठेवावं लागतं, गर्दी झाली की आधी काय सोडायचं. मी डॉक्टरांचे कॉल पुढे ठेवले होते, बाकी सगळं मागे. साहेबांची केबिनसुद्धा मागे. त्यांचं चित्र अडकायचं. "महत्त्वाची मीटिंग असते माझी," म्हणे. मीटिंग कसली डोंबलाची! माझ्या स्क्रीनवर दिसायचं सगळं. क्रिकेटची मॅच चालायची.

तरी मी केलं. केबिनची वायर स्विचला जिथे लागते तो अख्खा पोर्ट सगळ्यांत वर टाकला. म्हणजे त्या वायरीतून कचरा आला तरी त्याला आधी वाट. असं करायचं नसतं, हे कोणी नवशिकाही सांगेल. वाट कामाला द्यायची असते, खुर्चीला नाही. मला हे येत होतं. मी घाबरले. कंत्राट दर वर्षी साहेबांच्याच सहीने वाढतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. जंगलातल्या केंद्राची नर्सबाई. रेंज पकडायला धावत रस्त्यावर आली होती, धाप ऐकू येत होती.

"ताई, बाळंतीण हाय. रक्त थांबून नाई राह्यलं. मॅडम काय सांगून राह्यल्या ते अर्धंच ऐकू येते. इंजेक्शन किती द्याचं ते समजलं नाई मले. लाइन काऊन तुटून राह्यली?"

मी म्हटलं, "जंगल हाय बाई, तिकडच्या लाइनीचा काय भरोसा."

खोटं. सरळ खोटं. माझं पाप मी जंगलाच्या माथी मारलं.

बोलता बोलता हात चालत होते. केबिनचा पोर्ट खाली आणला, कॉल पुन्हा वर. "जा बाई, आता लावा." वरच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, एकेक आकडा सुटा सुटा. बाळंतीण वाचली. नर्सबाईच्या हातानं वाचली. मी लॅपटॉप मिटला.

उठले तर साहेब दारात. "पुन्हा अडकतंय. वर करा."

"नाही करणार."

कारकुनांनी माना वर केल्या.

मी कोरा कागद टेबलावर ठेवला. "लेखी द्या सर. आधी केबिन, मग बाळंतीण. खाली सही करा."

साहेबांनी कागदाला हात लावला नाही. "फार शेफारलात तुम्ही लोक," एवढंच म्हणाले. कंत्राटाचं बघून घेतो, हेही म्हणाले. बघू दे. मी जागची हलले नाही.

मग नर्सबाईला फोन लावला.

"बाई, मी खोटं बोलली. लाइन जंगलानं नाई तोडली. मी तोडली. साहेबाच्या मॅचसाठी."

ती म्हणाली, "अन् पुन्हा म्हटलं त्यानं तर?"

"तर त्याले माझ्या अंगावरून जावं लागन."

फोन ठेवला. वही उघडली आणि तारीख घालून लिहिलं, केबिनचा पोर्ट कोणाच्या हुकमाने वर गेला, किती दिवस राहिला, तेवढ्या काळात कोणाचं रक्त वाहिलं. त्याच्या तीन प्रती काढल्या. एक डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली, एक दवाखान्याच्या मालकांना पाठवली. तिसरी माझ्याजवळ आहे, आणि मी ती विचारणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवणार आहे.