गार्डसाहेबांचं जेवण

सत्तर-एकाहत्तर साली मी पुणतांबा स्टेशनात तिकीटबाबू होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक गोव्याकडचे गार्डसाहेब एकटेच राहत. नाताळ जवळ आला की ते दौंडहून डुकराचे पाय आणायचे, अंगणात बसून जुन्या वस्तऱ्याने त्यांचे केस खरवडायचे आणि लवंगा-मिरी घालून तासन्‌तास शिजवायचे. मग बरणीत भरून वरून शिरका ओतायचे. माझी आई सोवळं पाळणारी, म्हणून शिजवताना आमच्या बाजूची खिडकी आठवणीने लावून घ्यायचे. बोलताना प्रत्येक वाक्याला 'काय समजला?' जोडायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"बाबू, तुम्ही खाऊ नको. नुसता समोर बसा. आठ दिवस मुरलाय, पण एकट्याला खायला बरा नाय वाटत. काय समजला?"

या वेळी मात्र ते उत्तरासाठी थांबले. मी आत जाऊन बसलो. टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं होतं. मला चहा देऊन ते पाव मोडत, हाडं चोखत सावकाश जेवले. मध्येच हसून म्हणाले, "आज चव लागला."

घरी आलो तर आईने दारातच विचारलं, "इतका वेळ कुठे होतास रे?"

"स्टेशनात. मालगाडी आली होती," मी म्हणालो.

दोन्ही घरांच्या मध्ये एका विटेचीच भिंत होती. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मवर त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. जेवायच्या वेळी मात्र मला पुन्हा कधी बोलावलं नाही.