नवऱ्याच्या आवाजावर लागलेली ड्युटी

शेजारणीने पार्सल पाण्याच्या ड्रमवर धरलं होतं आणि मला विचारत होती, "सोडू का गं?"

कुरिअरवाला आमच्या दोघींच्या मध्ये कोंडलेला होता. त्याच्या मागे माझा जाळीचा दरवाजा, तो मी आतून कडी घालून बंद केलेला. त्याच्या पुढे पॅसेजला बसवलेलं लोखंडी ग्रिल, त्याला बाहेरून शेजारणीने कुलूप ठोकलेलं. मधल्या चिंचोळ्या जागेत आमच्या चपलांचा रॅक, गॅसचा रिकामा सिलिंडर आणि तो माणूस. पार्सल त्याच्याच हातात होतं, पण तिने ग्रिलमधून हात घालून ते ओढून घेतलं होतं.

घरात माझ्या मागे नवरा उलथन्याने स्टीलचं ताट बडवत होता. चेहरा जांभळा झाला होता.

"अहो, थांबवा ते," मी म्हटलं. "डोकं उठलं माझं."

तो आणखी जोरात बडवायला लागला.

"मावशी, ते पार्सल पाण्यात पडलं तर माझी नोकरी जाईल," कुरिअरवाला म्हणाला.

"नोकरी म्हणतो बघ," शेजारीण म्हणाली. "सोडते गं मी. पावडर असली तर विरघळेल, बॉम्ब असला तर भिजेल. दोन्हीकडून बरं."

हे सगळं कसं झालं ते सांगते.

नवऱ्याला गळ्याचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. माणूस वाचला, आवाज गेला. मला विचाराल तर सौदा वाईट नव्हता. पुढे हॉस्पिटलातून एक मशीन मिळालं, टॉर्चएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि नुसते ओठ हलवायचे. मग आवाज येतो, माणसासारखा नाही, मिक्सरसारखा. आत कोणी चटणी वाटतंय असं वाटतं, पण शब्द कळतात.

ते मशीन त्याने गॅलरीतून घालवलं. खाली कोणीतरी गेटसमोर टेम्पो आडवा लावला, म्हणून हा वाकून शिवी द्यायला गेला. मशीन हातातून सटकलं आणि चौथ्या मजल्यावरून टेम्पोच्या टपावर पडून फुटलं. शिवी अर्धीच बाहेर आली होती. टेम्पोवाल्याला अर्ध्या शिवीतून काय कळणार. त्याने वर बघून हात हलवला आणि गेला.

त्यानंतर नवरा पाटीवर लिहून बोलायला लागला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचता येतं मला, चष्मा लावला की. म्हणून भांडण सुरू झालं की मी चष्मा काढून ठेवायचे. तो पाटी नाचवायचा, मी भाजी निवडायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भांडणात मी इतकी सलग कधी जिंकले नव्हते.

पण तो कशासाठी तळमळतो ते मला माहीत होतं. नातीचं लग्न ठरलं होतं. आम्ही मालवणकडची माणसं. आमच्यात कुठल्याही शुभकार्याला निघण्याआधी नारळ ठेवून घरातला मोठा पुरुष गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, काय चाललंय, काय हवंय, चुकलंमाकलं पोटात घाल. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे मनात म्हणून चालत नाही. मोठ्याने म्हटलं नाही तर ते गाऱ्हाणंच नाही. मिलमध्ये होता तेव्हापासून आमच्या सगळ्या भावकीचं गाऱ्हाणं हाच घालतो. बारशापासून बोअरिंगच्या पंपापर्यंत सगळ्याला याचा आवाज लागायचा.

आता आवाज नाही म्हटल्यावर बोरिवलीचे चुलतदीर तयार झाले. त्यांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, दादाला म्हणावं काळजी नको. मी आहे ना. मी प्रॅक्टिस पण चालू केलीय."

नवऱ्याने तो फोन ऐकला आणि जेवला नाही. पाटीवर लिहिलं, 'तो गाऱ्हाणं घालणार असेल तर मी लग्नाला येत नाही.' हे मी चष्म्यातून वाचलं होतं. नातीनेही वाचलं आणि ती रडली, कारण आजोबा हट्टाला पेटला की येत नाही म्हणजे येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

मग दोघांनी मला न सांगता तिच्या मोबाइलवरून परदेशातून नवीन मशीन मागवलं. मला सांगितलं नाही, कारण मी आधी एकदा म्हटलं होतं, "एक खाली टाकलंत, आता दुसरं कशाला. घरात शांतता आहे ती राहू दे."

नेमक्या त्याच दिवसांत शेजारणीच्या मुलाला फोनवर लुबाडलं. तुमच्या नावाने परदेशातून पार्सल आलंय, कस्टममध्ये अडकलंय, आत पावडर सापडलीय, पैसे भरा नाहीतर अटक. शिकलेला मुलगा, घाबरून भरून मोकळा झाला. शेजारीण महापालिकेच्या हॉस्पिटलात आया म्हणून निवृत्त झालेली. भल्याभल्या डॉक्टरांना गप्प करणारी बाई, पण मुलाचं ऐकून आठ दिवस कोणाशी बोलली नाही. नंतर सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. एक पोलीसबाई आली आणि समजावून गेली. भामटा कस्टमचं नाव घेईल, आधार कार्ड मागेल, लगेच पैसे भरा म्हणेल, तुमचं नावसुद्धा त्याला माहीत असेल. फसू नका. आणि म्हातारे पुरुष घाबरून पैसे देऊन टाकतात, त्यांना आवरा.

आम्ही दोघी पुढच्या खुर्च्यांवर बसून सगळं नीट ऐकत होतो.

त्यामुळे दुपारी बेल वाजली आणि दारातला माणूस म्हणाला, "परदेशातून पार्सल आहे, कस्टममधून सुटून आलंय, ड्युटी आणि टॅक्स भरायचा आहे, आणि आधार कार्ड दाखवा," तेव्हा मला फार आनंद झाला. खोटं नाही सांगत. सभेला बसल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

"कोणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

त्याने नवऱ्याचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट.

"बरोबर," मी म्हटलं. "नाव माहीत असणारच तुला. थांब हां बाबा, पैसे आणते." मी जाळीचं दार लावलं, कडी घातली आणि त्याच्या डोक्यावरून हाक मारली, "अगं ए, आला गं तुझा पार्सलवाला."

शेजारीण अशी धावत आली की गुडघेदुखी कुठे गेली तिलाच कळलं नाही. येताना तिने पंपाच्या खोलीचं उघडं लटकणारं कुलूप काढून आणलं आणि ग्रिलला घातलं. कुरिअरवाला चाळिशीचा, शांत माणूस. तो आधी हसला. त्याला वाटलं, बायका मस्करी करतायत.

"माझ्या पोराचे पैसे काढ," ती म्हणाली.

"कोणाचा पोरगा, मावशी? मी माहुलहून येतो. पुढे मला जुहूला जायचंय."

"जुहूला पण फसवतोस?"

एवढ्यात नवरा दुपारच्या झोपेतून उठून बाहेर आला. त्याने पार्सल पाहिलं आणि कडीवर हात टाकला. मी पाठ लावून दार अडवलं. मला पोलीसबाईचे शब्द आठवले. बघा, म्हातारा घाबरला, पैसे द्यायला निघाला. त्याने पाटी आणून लिहिलं. चष्मा मी ओट्यावर ठेवलेला, आणि झटापटीत चष्मा कोण शोधतो. "नंतर वाचते," मी म्हटलं. त्याने पाटी माझ्या नाकाला लावली. मला सगळं पांढरं दिसलं. मग त्याने ताट घेतलं आणि उलथन्याने बडवायला सुरुवात केली.

तोवर शेजारीण पार्सल ओढून घेऊन ड्रमपाशी पोचली होती.

"सोडते," ती म्हणाली.

ताट एकदम बंद झालं. मी वळून पाहिलं तर नवरा ओट्याजवळ. त्याने मिक्सर चालू केला, रिकामाच. घरभर घरघर सुरू झाली. मग दोन बोटं गळ्याला लावून, छाती काढून, तो माझ्याकडे बघत ओठ हलवायला लागला. मिक्सर बोलतोय आणि ओठ ह्याचे. मध्येच बटण बंद करायचा, ओठ मिटायचा. परत चालू करायचा, परत बोलायचा.

मला आधी वाटलं, डोकं फिरलं. मग मला कळलं. आणि कळल्यावर मला हसू आवरेना. मी दाराला टेकून खाली बसले. तोंडातून शब्द निघेना. हात हलवून शेजारणीला सांगत होते, नको, नको.

तिला वाटलं, सोड, सोड. तिने सोडलं.

पार्सल ड्रममध्ये पडलं आणि बुडलं नाही. वर तरंगायला लागलं. आत भरपूर थर्माकोल होता, बाहेरून प्लॅस्टिक.

"अगं, ह्यांचं मशीन आहे ते," मला कसंबसं बोलता आलं. "आवाजाचं."

शेजारणीने ड्रममध्ये पाहिलं, मग कुरिअरवाल्याकडे पाहिलं, मग पदराने पार्सल पुसलं. "हे तू आधी नाही सांगायचंस?" ती त्याला म्हणाली.

"मावशी, मला काय माहीत आत काय आहे? मी उघडून बघत नाही."

"मग तोंड असं चोरासारखं कशाला करतोस?"

"कोंडल्यावर माणसाचं तोंड असंच होतं," तो म्हणाला.

आता त्याला सोडायचं, तर कुलपाची किल्ली पंपवाल्याकडे आणि पंपवाला दिंडोशीच्या बाजारात. त्याला फोन केला. तो म्हणाला येतो, म्हणजे तासाने येणार. तोवर हा आत. मी जाळीचं दार उघडून त्याला घरात बोलावलं, पण तो येईना. "इथेच बरा आहे," म्हणाला. सिलिंडरवर बसला. मी घावणे आणि नारळाचा रस दिला. त्याने सात घावणे खाल्ले. शेजारीण ग्रिलच्या बाहेर स्टूल टाकून बसली आणि मुलाची सगळी हकीकत त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि सांगितलं की त्याच्या साडूलाही असंच फसवलं. मग दोघांनी मिळून त्या चोरांना शिव्या घातल्या. खूप दिवसांनी तिला मोकळं बोलताना ऐकलं.

मग ड्युटीचं निघालं.

"ही ड्युटी कसली?" मी विचारलं.

"बाहेरून माल आला की सरकारला द्यायची."

"आणि हा टॅक्स?"

"मालाची किंमत आणि ड्युटी मिळून जे होतं, त्याच्यावर."

"म्हणजे ड्युटीवर पण टॅक्स?"

"हो."

"हा माणूस पन्नास वर्षं फुकट बोलला," मी म्हटलं, "तेव्हा सरकार कुठे होतं? तेव्हा लावला असता तर थोडा तरी कमी बोलला असता."

कुरिअरवाला घावणा हातात धरून हसला. "मावशी, स्लिपवर आहे तेवढं घ्यायचं मला. कमी करता येत नाही."

"पाण्यात पडलाय माल. त्याचं काही नाही?"

"पाण्यात तुमच्या शेजारणीने टाकला. कस्टमने नाही."

शेवटी मी आधार कार्ड दाखवलं, पैसे दिले. नवरा तोवर मशीन उघडून, कापसाने पुसून, चार्जिंगला लावून त्याच्यासमोर बसला होता, जसं तान्ह्या पोराला बघत बसतात. मी मात्र मनातून धास्तावले होते. आत पाणी गेलं असेल तर आता ह्याला नातीच्या लग्नाला कसं न्यायचं, ह्याचा मी विचार करत होते. ओढत न्यायला चार माणसं लागली असती.

पंपवाला आला, कुलूप निघालं. कुरिअरवाला चपला घालत होता तेव्हा नवऱ्याने मशीन गळ्याला लावलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं.

"चष्मो घाल गो," नवरा मला म्हणाला.

शेजारीण स्टुलावरून पडायची राहिली. कुरिअरवाल्याने टाळी वाजवली. मी चष्मा घालून पाटी वाचली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझं आहे ते, म्हशी.'

लग्नाच्या दिवशी सकाळी घरात नारळ ठेवला. बोरिवलीचे चुलतदीर कडक इस्त्रीचा सदरा घालून पुढे उभे होते, घसा खाकरत. नवऱ्याने त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं, मशीन लावलं आणि सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातल्या चेडवाचा लगीन असा." मुलाकडच्या दोघांना वाटलं स्पीकर बिघडलाय. पण भावकीने एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग तो थांबेना. साठलेलं सगळं काढलं त्याने. पाऊसपाणी, नोकऱ्या, सोसायटीची लिफ्ट. आणि शेवटी माझ्याकडे बघत, "दारात इल्ल्या माणसाक कोण कोंडून ठेयत आसात, तर तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

मोठ्याने म्हणावं लागतं. मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा." शेजारीण माझ्याहून मोठ्याने म्हणाली. चुलतदिरांनीही म्हटलं, जरा हळू.

नंतर नवरा टोपी घालून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसला.

चुलतदीर पुढच्या वर्षी झोपेत गेले. पंपवालाही गेला, दारूने. नवरा आहे, शेजारीण आहे आणि मी आहे.