बंकर अण्णा

गोल्फच्या मैदानात मुद्दाम खणून ठेवलेले वाळूचे खड्डे असतात. त्यांना बंकर म्हणतात. चेंडू त्यात पडला की भलेभले खेळाडू कपाळावर हात मारून घेतात. आमच्या अण्णाला मात्र भीती वाटे ती गवताची. चेंडू हिरव्यागार गवतावर जाऊन नीट बसला की तो कासावीस व्हायचा, आणि वाळूत रुतला की लग्नघरी पोचल्यासारखा खुलायचा. "बंकर म्हणजे माझं माहेर रे," असं तो चारचौघांत सांगे. इतर खेळाडू सुरुवातीला हसायचे. पुढे त्यांनीच त्याचं नाव बंकर ठेवलं, आम्ही त्याला अण्णा जोडलं, आणि मूळचं सेतुराव हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

अण्णा माझा आतेभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याचे वडील नीलगिरीतल्या एका चहामळ्यात कारकून होते. ते निवृत्त होऊन तिरुवैयारूला परतायला निघाले तेव्हा मळ्याच्या मॅनेजरने गोल्फच्या तीन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू भेट दिले. वडिलांना मनगटी घड्याळाची अपेक्षा होती. काठ्या माळ्यावर गेल्या आणि तिथून अण्णाच्या हाती लागल्या. पण तंजावरकडे गोल्फ खेळायला जागा कुठली? जिकडे पाहावं तिकडे भात. शेतात चेंडू मारला की शेतकरी अण्णाला मारायचा. उरली कावेरी. उन्हाळ्यात ती आटली की घाटाखाली नुसती वाळू पसरलेली असे, ती मेट्टूरचं धरण उघडेपर्यंत. अण्णा त्या वाळूत खेळ शिकला. एका वर्षी धरणाचं पाणी अंदाजाआधी आलं आणि त्याचे सगळे चेंडू समुद्राच्या वाटेला लागले. आमच्या तंजावरी मराठीत 'सगळे' म्हणायला 'असक' म्हणतात. "असक गेले, वात्यार, असक गेले," हे तो मोठेपणीही डोळ्यांत पाणी आणून सांगे. वात्यार म्हणजे मास्तर. मी कॉलेजात गणित शिकवायला लागलो त्या दिवसापासून त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

चेन्नईच्या एका क्लबात चेंडू गोळा करायच्या नोकरीपासून तो धंदेवाईक खेळाडू झाला, ही गोष्ट तंजावरात कुणाला समजावून सांगता येत नसे. एक तर या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो. अण्णाने पंच्याहत्तर फटके मारले असं कळलं की शेजारी अभिनंदन करायला येत, आणि अडुसष्ट म्हटलं की "पुढच्या वेळी बघू, सेतू" असं सांत्वन करून जात. अण्णा दोन्ही वेळी फिल्टरची कापी पाजायचा.

घरात हिशेब सोपा होता. स्पर्धा गुरुवार ते रविवार चालते. पहिल्या दोन दिवसांत जे मागे पडतात त्यांची शुक्रवारीच रवानगी होते. म्हणजे अण्णा शनिवारी दारात दिसला तर हरला, सोमवारी दिसला तर बरं खेळला. वैनी सरकारी कचेरीत कारकून होती, तिने कधी निकाल विचारला नाही. शनिवारी आला तर ती गोड बोलायची, पुरणपोळी करायची. सोमवारी आला की नळ गळतो, भिंतीला ओल आली, आत्याकडच्या बारशाला तुम्ही नव्हता, अशी महिन्याभराची शिदोरी उघडायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हरलेल्या माणसाला काय बोलायचं, भावजी? जिंकून आले की मज सवड मिळते." अण्णा मला म्हणे, "शिव्या खायला मी किती मेहनत घेतो बघ!"

एकदा मात्र तो सोमवारी आला तो वर्तमानपत्रात फोटो छापूनच. शेवटच्या दिवशी शेवटच्या होलला, म्हणजे अठराव्या छिद्रापाशी, अण्णा आणि दुसरा एक खेळाडू बरोबरीत होते. दुसऱ्याचा चेंडू गवतावर, छिद्राच्या जवळ. अण्णाने समोरचं मोकळं गवत सोडून चेंडू सरळ बंकरात घातला. लोकांना वाटलं, चुकला. त्याने खाली उतरून वाळूला नमस्कार केला आणि असा फटका मारला की चेंडू उडून थेट छिद्रात गेला. फोटोत वाळूचा ढग आहे आणि ढगाखाली दोन बूट. वैनीने तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. "बूट ह्यांचेच आहेत, मी पॉलिश केलेले," असं ती पाहुण्यांना सांगे.

मग सत्कार झाला. आमच्या लोकांच्या मंडळाने शाल दिली. अध्यक्षांनी "आपल्या समाजाचे थोर हॉकीपटू" अशी ओळख करून दिली आणि टाळ्या पडल्या. मी उठून दुरुस्ती करणार तेवढ्यात अण्णाने माझी वेष्टी खाली ओढली. वेष्टी म्हणजे कंबरेला नुसतं गुंडाळलेलं धोतर; ती नेसलेल्या माणसाला एवढी धमकी पुरते. "बस डा," तो कुजबुजला. "काठी आहे, चेंडू आहे. बाकी तपशील."

उतार सुरू झाला तो एका हितचिंतकामुळे. एका परदेशात शिकून आलेल्या प्रशिक्षकाने अण्णाला पाहिलं आणि तो हादरला. जाणूनबुजून बंकरात जाणारा गोल्फर त्याने पुस्तकातही वाचला नव्हता. त्याने अण्णाला दोन वर्षं गवतावर उभं केलं. पाय असे, खांदा तसा, श्वास अमुक वेळी. अण्णा मुळात आज्ञाधारक. गवताची भीती काही गेली नाही, पण वाळूची मात्र नवीन बसली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. शनिवारमागून शनिवार तो घरी दिसू लागला. पुरणपोळ्या खाऊन त्याचं पोट सुटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं कार्ड गेलं. कार्ड म्हणजे वर्षभर स्पर्धांत खेळण्याचा परवाना. तो परत मिळवायचा तर नवख्या पोरांबरोबर पात्रता फेरी खेळायची.

त्या उन्हाळ्यात अण्णा पुन्हा कावेरीत उतरला. तीन महिने पहाटे वाळूत घाम गाळला. एका सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा उजळलेला. "आली," म्हणाला. "हातात वाळू परत आली." मग जरा ओशाळून, "माझी पिशवी उचलायला कुणी तयार नाही. तू येतोस?"

गोल्फरची पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. मला गोल्फ येत नव्हतं आणि कंबर दुखत होती. पण नाही कसं म्हणणार? गेलो बेंगळुरूला. अण्णाने माझं काम दोन वाक्यांत समजावलं: "पिशवी धर. मी चेंडू दिला की पुसून परत दे." छिद्राजवळच्या कातरलेल्या गवतावर खेळाडू खूण ठेवून चेंडू उचलतो, पुसतो, पुन्हा ठेवतो. तेवढं मी चार दिवस मन लावून केलं. प्रत्येक चेंडू चष्म्यासारखा लख्ख.

चौथ्या दिवशी शेवटच्या होलपर्यंत अण्णाचं कार्ड जवळजवळ पक्कं होतं. त्याचा चेंडू बंकरात पडला. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. माहेर आलं होतं. तो पिशवीतून काठी निवडू लागला. मी खाली पाहिलं. चेंडू वाळूने पार माखला होता. मी वाकलो, तो उचलला, सदऱ्याला स्वच्छ पुसला आणि अण्णासमोर धरला.

"घे," मी म्हणालो. "मागायच्या आधीच दिला बघ."

अण्णाचा चेहरा मला आजही दिसतो. रागावला नाही. परीक्षेत सोपं गणित चुकवणाऱ्या हुशार पोराकडे मी जसा बघतो, तसा बघत राहिला. "अय्यो, वात्यार," एवढंच म्हणाला. मग त्याचे फटके लिहून घेणाऱ्या बरोबरच्या खेळाडूला हात करून सांगितलं, "माझा एक फटका वाढव. कॅडीने चेंडू उचलला." चेंडू पुन्हा वाळूत ठेवला आणि इतका सुंदर मारला की तो पोरगा टाळी वाजवून मोकळा झाला. पण बंकरातला चेंडू उचलला की दंडाचा एक फटका, तो वाढला तो वाढलाच. कार्ड त्या एका फटक्याने गेलं.

परतीच्या बसमध्ये मी तोंड उघडलं की तो म्हणे, "खिडकीची काच ओढ, वारा लागतो." अर्धी वाट सरली, तंजावर जवळ आलं, तरी तेच.

तंजावरात त्याने सगळ्यांना सांगितलं की शेवटच्या होलला त्याचा हात थरथरला. पुढे ती गोष्ट रंगत गेली. लग्नामुंजीत लोक आग्रह करायचे आणि अण्णा पापड हातात धरून हात कसा थरथरला ते करून दाखवायचा. पापड मोडायचा, पंगत हसायची. मी त्याच पंगतीत मान खाली घालून सांबार-भात कालवत असे. त्यानंतर तो शाळेतल्या पोरांना खेळ शिकवू लागला, मजेत राहिला. पण पुन्हा स्पर्धा खेळला नाही, आणि त्या दिवसाबद्दल मी कधी बोललो नाही. नऊ वर्षं.

गेल्या आडी महिन्यात, ऐन आषाढात, अण्णा गेला. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. तेरावा आटोपला, माणसं पांगली, आणि मला राहवेना. वैनी स्वयंपाकघरात एकटीच केळीची पानं पुसत बसली होती.

"वैनी," मी म्हणालो, "अण्णाचा हात थरथरला नव्हता. चेंडू मी उचलला होता. त्याचं कार्ड माझ्यामुळे गेलं."

वैनीने पान बाजूला ठेवलं. "ठाऊक आहे, भावजी."

"कधीपासून?"

"बसमधून उतरले तसं सांगितलं ह्यांनी. पोट धरून हसत होते. चेंडू पुसून दिला म्हणाले, वात्याराने! मग एकाएकी गंभीर झाले. माझ्याकडून वचन घेतलं, की मज हे ठाऊक आहे हे तुम्हाला कधी कळू द्यायचं नाही."

"का?"

"म्हणाले, तो मानी आहे. कळलं तर लाजेने आपल्या घराला यायचा बंद होईल."

वैनीने माझ्यापुढे एक पान मांडलं आणि भाताचं पातेलं जवळ ओढलं.

"सकाळपासून तुम्ही जेवला नाहीत," ती म्हणाली. "बसा."